दोन महिला परिषदा : पुणे १९२७, नागपूर १९४२

पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात १९२७ सालच्या जानेवारी महिन्यात, ५ पासून ८ तारखेपर्यंत, देशातल्या स्त्रियांची एक परिषद भरली. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या. स्वागत समितीचा भार सांगलीच्या राणीसाहेबांनी उचलला होता. पत्रव्यवहाराची आणि जमवाजमवीची खटपट मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंची. परिषदेचे नाव त्या वेळी बरेच लांब होते, त्यात शिक्षणसुधारणेचा उल्लेख होता. पुढे कामाचा पसारा वाढला आणि अखिल भारतीय महिला परिषद एवढेच नाव रूढ झाले. निवडून आलेल्या प्रतिनिधी होत्या ५८, आणि ऐकायला माणसे लोटली होती दोन हजारांवर.

हे दोन आकडे आधी सांगतो, कारण माझा धंदाच सभा भरवण्याचा आहे. कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या हाती इतिहासाचा ग्रंथ पडला की राजाचे नाव पाहण्याआधी तो पाहतो, सभेला किती लोक होते, त्यांना कोणी निवडून दिले, ठराव कोणी मांडला आणि त्या ठरावाचे पुढे काय झाले. शाळा मी सातवीत सोडली. त्यानंतरचे जे काही वाचन झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज आपणांपुढे मांडतो आहे ते पंडिताचे संशोधन समजू नये. पुण्याची ही परिषद आणि तिच्यानंतर पंधरा वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, नागपुरास भरलेली दुसरी महिला परिषद, या दोहोंच्या हकिकती शेजारी शेजारी ठेवून पाहावे, आणि सभेत कोण बसले आहे त्यावरून सभा काय मागते हे ठरते काय, एवढे तपासावे, असा माझा विचार आहे.

बायकांनी एकत्र जमणे आपल्याकडे नवे नव्हते. चैत्रातले हळदीकुंकू, संक्रांतीचा तिळगूळ, मंगळागौर, भोंडला, निमित्तांना तोटा नव्हता. पण या जमण्याला दोन कुंपणे होती. एक जातीचे आणि दुसरे कुंकवाचे. ज्या बाईचा नवरा गेला ती हळदीकुंकवाच्या बैठकीत बसू शकत नव्हती. तिने स्वयंपाकघरात राबावे, वाटली डाळ करावी, पन्हे करावे आणि बैठक भरली की आत दिसेनासे व्हावे. आता गंमत अशी पाहा की एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी ज्यांनी स्त्रियांच्या सार्वजनिक कामाला हात घातला त्यांतल्या कितीतरी बाया विधवाच होत्या. पंडिता रमाबाई विधवा, रमाबाई रानडे १९०१ नंतर विधवा. ज्यांना हळदीकुंकवाची बैठक बंद त्यांना सभा मोकळी होती. सभेला अध्यक्ष असतो, कामकाजाची पत्रिका असते, इतिवृत्त असते. कपाळावर काय आहे हे सभा विचारत नाही. सभा ही विलायती चीज म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. पण आपल्या घरातल्या एका मोठ्या वर्गाला बसायला पहिली जागा या विलायती चिजेने दिली, हे विसरून चालणार नाही.

जातीच्या कुंपणाला हात घालणारी सभा याही आधीची. सावित्रीबाई फुल्यांनी महिला सेवा मंडळ काढून १८५२ च्या संक्रांतीला पुण्यात तिळगुळाचा समारंभ केला, आणि आमंत्रणातच सांगून टाकले की कोणत्याही जातीची बाई आली तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवले जाईल. निमित्त जुने, संक्रांतीचे. बसण्याची रीत मात्र अगदी नवी. हे जाजम लक्षात ठेवा. त्याचा धागा पुढे नागपुरास पुन्हा हाती घ्यावा लागणार आहे.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे त्या सभांना जात, आणि घरच्या वडीलधाऱ्या बायका त्यांना त्याबद्दल काय काय बोलत हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुरुषांच्या विरोधापेक्षा माजघरातला विरोध जास्त बोचरा होता. डिसेंबर १९०४ मध्ये मुंबईस सामाजिक परिषदेच्या जोडीने भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षा याच रमाबाई. १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन निघाले, १९०९ मध्ये पुण्यात. पुण्याच्या सेवासदनात रमाबाईंच्या जोडीला गोपाळ कृष्ण देवधर होते. बायकांना लिहायला-वाचायला शिकवणे, शिवण, शिक्षिकांची तयारी, आणि परिचारिकांचे शिक्षण, हे त्यांचे काम. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावून शुश्रूषा करणे हे चांगल्या घरच्या बाईचे काम नव्हे, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. ते बोलणे अंगावर घेऊन त्यांनी विधवांना परिचारिका केले आणि त्यांच्या हातात पगार आला. सेवा हा शब्द आज आपण फार सैल वापरतो. त्या काळी सेवेत उडी घेणाऱ्या बाईला आपल्या गल्लीतून चालत जाणे हीच पहिली परीक्षा होती.

मग पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद पेटला. मुलांना सक्ती करावी हे नगरपालिकेला मान्य, मुलींचा प्रश्न आला की पैसे नाहीत, घाई नको, अशी टाळाटाळ. रमाबाईंच्या पुढारीपणाखाली बायका या प्रश्नासाठी रस्त्यावर आल्या. मुलींच्या शाळेसाठी बायकांनी मोर्चा काढावा आणि शहाण्यासुरत्या पुरुषांनी त्याची टवाळी करावी, हा देखावा या शहराने १९२० च्या सुमारास पाहिला आहे. टवाळी करणाऱ्यांत लहानसहान माणसे नव्हती. रमाबाई १९२४ मध्ये वारल्या. फर्ग्युसनमधली परिषद पाहायला त्या नव्हत्या, पण तिला आलेल्या पुण्याच्या बायका त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या होत्या.

आता ही परिषद बोलावली कशी गेली ते सांगतो, कारण माझ्या दृष्टीने खरा इतिहास तिथे आहे.

१९२६ साली कलकत्त्याच्या बेथ्यून कॉलेजात बक्षीससमारंभ झाला. बंगालच्या शिक्षणखात्याचे संचालक ओटन यांनी तिथे भाषण केले. मुलींच्या शिक्षणात काय चुकते आहे, काय हवे आहे, ते स्त्रियांनीच एकमुखाने आम्हाला सांगावे, आणि मिळेपर्यंत सांगत राहावे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे ओटन म्हणजे तेच, ज्यांना १९१६ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात विद्यार्थ्यांनी मारहाण केली आणि ज्या प्रकरणात सुभाषचंद्र बोस यांना कॉलेजातून काढून टाकण्यात आले. इतिहास असा एकाच माणसाला दोन ठिकाणी उभा करतो. ओटनसाहेबांनी हे मनापासून म्हटले की सरकारी माणसे म्हणतात तसे म्हटले, हा वाद आपण सोडून देऊ. साहेब मागणी करा म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला वाटत असते की हे लोक एकत्र येऊन मागणी करतील अशी काही भीती नाही.

इथे मात्र झाले वेगळे. त्या भाषणावर हुइडेकोपर नावाच्या बाईंनी 'स्त्रीधर्म' मासिकात लिहिले. हे मासिक मद्रासजवळच्या अड्यारच्या विमेन्स इंडियन असोसिएशनचे, आणि ती संस्था १९१७ मध्ये अ‍ॅनी बेझंट, मार्गारेट कझिन्स आणि डॉरोथी जिनराजदास यांनी सुरू केलेली. त्याच वर्षी डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या पुढारीपणाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासेस माँटेग्यूसाहेबांना भेटून आमच्यासाठीही मत असावे असे सांगून आले होते. म्हणजे मागण्या कशा कराव्यात याचा सराव या मंडळींना होता. कझिन्सबाईंनी प्रांतोप्रांतीच्या स्त्रियांना पत्रे पाठवली. आपल्या भागात समिती करा, स्थानिक परिषद भरवा, शिक्षणाबाबत काय हवे ते लिहून काढा, आपल्यातून प्रतिनिधी निवडा, आणि मग आपण सगळ्या एका ठिकाणी जमू, असे त्या पत्राचे सांगणे होते.

सप्टेंबर ते डिसेंबर १९२६ या चार महिन्यांत अशा २२ प्रादेशिक परिषदा भरल्या. चार महिने, बावीस परिषदा, आणि त्या काळची साधने म्हणजे पोस्ट आणि आगगाडी. मी स्वतः चार जिल्ह्यांच्या बिडी कामगार बायकांचा मेळावा भरवताना काय त्रास होतो ते जाणतो. तारीख ठरवली तर कुठे जत्रा असते, कुठे तेंदूपत्त्याची वाटणी असते, कुठे कारखानदाराचा माणूस सांगून जातो की त्या दिवशी हजेरी चुकली तर पुढच्या आठवड्याला पान मिळणार नाही. त्या बायांना अशी दमदाटी नसेल, पण पडदा होता, घरची परवानगी होती, भाषा वेगवेगळ्या होत्या, आणि पुष्कळ ठिकाणी बाईने गाडीने एकटीने प्रवास करायचा ही गोष्टच नवी होती. तरी त्यांनी हे केले. म्हणून पुण्यातल्या ५८ जणी मला दोन हजार श्रोत्यांहून मोठ्या वाटतात. दोन हजार माणसे महाराणी पाहायलाही येतात. पण त्या ५८ जणींपैकी प्रत्येकीच्या मागे कुठल्या तरी गावातली एक समिती होती, तिथे झालेली चर्चा होती, आणि घरी परत गेल्यावर 'काय करून आलीस?' असे विचारणारे कोणी तरी होते. निरोप घेऊन येणारा आणि जाब द्यायला परत जाणारा माणूस, यालाच आम्ही संघटनेत प्रतिनिधी म्हणतो. बाकीचे पाहुणे.

परिषदेने विषय मुद्दाम आखूड ठेवला होता, फक्त शिक्षण. राजकारण नको, पक्ष नको. यावर पुढे फार टीका झाली. देश पारतंत्र्यात असताना गृहशास्त्राच्या अभ्यासक्रमावर काय बोलता, असे तरुण विचारीत. पण विचार करा, १९२१ च्या खानेसुमारीप्रमाणे या देशातल्या शंभर बायकांपैकी दोघींनाही धड लिहिता-वाचता येत नव्हते. एका आखूड विषयावर हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, संस्थानी राण्या आणि शाळामास्तरणी एकत्र बसू शकल्या. पहिल्याच दिवशी स्वराज्याचा ठराव आणला असता तर राण्या आल्या नसत्या आणि काही जणींना घरून सोडलेच नसते. संप सुरू करताना आम्हीही पंचवीस मागण्यांची यादी करतो, पण सगळ्यांचे एकमत होईल अशी एकच मागणी पुढे धरतो.

शिवाय विषय आखूड ठेवला तरी तो आखूड राहिला नाही. मुलींना शाळेत का ठेवत नाहीत, असे विचारले की उत्तर येई, लग्न झाले. मग बालविवाहाचा ठराव करावाच लागला. फेब्रुवारी १९२८ मध्ये दिल्लीस दुसरी परिषद भरली, भोपाळच्या बेगम अध्यक्षा होत्या. तिथे स्त्रीशिक्षणासाठी निधीची सुरुवात झाली आणि त्यातून १९३२ मध्ये दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज उभे राहिले. संमतिवय आणि बालविवाह यांसाठी या बायांनी विधिमंडळाच्या सभासदांचा असा पिच्छा पुरवला की १९२९ मध्ये शारदा कायदा मंजूर झाला तेव्हा त्याच्या यशात त्यांचा वाटा आहे हे कोणालाच नाकारता आले नाही. कायद्याची अंमलबजावणी किती झाली ही कथा निराळी. आणि १९२७ मध्येच परिषदेची संघटक चिटणीस झालेली तरुण बाई म्हणजे कमलादेवी चट्टोपाध्याय. तीन वर्षांनी मिठाच्या सत्याग्रहात ती तुरुंगात होती. राजकारण नको म्हणणाऱ्या संस्थेची चिटणीस!

आता दुसरी बाजू. पुण्यात फर्ग्युसनच्या अगदी शेजारीच गोखल्यांची सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी. सेवासदनाचे देवधर तिचे सभासद, आणि कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी तेही तिचेच सभासद. या जोशांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आणले. गिरण्यांत, खाणींत, मळ्यांत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे रजा आणि काही पैसे मिळावेत, एवढीच मागणी. १९२५ मध्ये ते बिल पडले.

मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंग ही त्यांची खाती. डॉ. बार्न्स या बाईंना मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये या स्त्री कामगारांची चौकशी करायला नेमले होते. तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देऊन झोपवून आई कामाला जाते, हे त्यांनी चाळींतून हिंडून लिहिले. मूल झोपले नाही तर आई कामाला जाऊ शकत नाही, आणि आई कामाला गेली नाही तर मुलाला दूध मिळत नाही, असा तो फास होता. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीड लाखांच्या घरात गिरणी कामगार संपावर होते. स्त्री कामगारांना एकत्र करायला उषाबाई डांगे त्यांच्यात हिंडत होत्या. त्याच वर्षी मुंबई कायदे कौन्सिलात आसवल्यांनी बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आणले. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला पहिला. रोजी आठ आणे भत्ता.

पुण्याची परिषद आणि हे सगळे एकाच दोन-तीन वर्षांतले, पण जानेवारी १९२७ च्या परिषदेत बाळागोळी देणारी आई कुठे नाही. यात त्या बायांचा दुष्टावा मला दिसत नाही. त्यांनी ज्यांना पत्रे पाठवली त्या लिहिता-वाचता येणाऱ्या बायका होत्या. शंभरांतल्या त्या दोघींपैकी. गिरणीतल्या बाईला पत्र कोण पाठवणार, आणि ते तिला वाचून कोण दाखवणार? शाळा हवी हे दोघींचेही मागणे असते. पण आधी काय हवे असे विचारले असते तर रिळिंग खात्यातल्या बाईने शाळेच्या आधी पाळणाघर सांगितले असते, आणि त्याच्याही आधी जॉबरचा त्रास सांगितला असता. हे तिच्या वतीने दुसऱ्या कोणाला सुचणे कठीण. पुढच्या काही वर्षांत परिषदेने कामगार स्त्रियांचे विषय हाती घेतले, ठराव केले. ते सहानुभूतीचे ठराव होते, आणि सहानुभूतीला तिची किंमत आहे. आमच्या पुष्कळ कायद्यांना पहिली सही सहानुभूतीवाल्यांचीच मिळालेली आहे. परंतु आपल्यासाठी कोणी तरी बोलणे आणि आपण बोलणे या गोष्टी दोन आहेत.

हा फरक किती टोकाला जाऊ शकतो ते डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरास दिसले. याच महिला परिषदेचे अधिवेशन तिथे होते. जाईबाई चौधरी या नागपूरच्या अस्पृश्य समाजातल्या कार्यकर्त्या त्याला गेल्या होत्या. जाईबाईंनी लहानपणी डोक्यावरून ओझी वाहून पोट भरले होते. एका ख्रिस्ती बाईंच्या मदतीने त्या लिहायला-वाचायला शिकल्या, आणि १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. शिक्षणासाठी जन्मलेल्या परिषदेला याहून योग्य पाहुणी कोण मिळणार? पण जेवणाची वेळ झाली तेव्हा जाईबाईंचे पान इतरांपासून दूर मांडण्यात आले. सावित्रीबाईंच्या जाजमाला त्या वेळी पंचाऐंशी वर्षे झाली होती.

जाईबाई आणि त्यांच्या सोबतिणी गप्प बसल्या नाहीत. थोड्याच दिवसांत नागपुरात अस्पृश्य स्त्रियांची निषेधसभा झाली. आपली स्वतंत्र परिषद हवी, ही गोष्ट या अपमानाने पुष्कळ जणींच्या मनात पक्की झाली. मी या प्रसंगावरून त्या सगळ्या संस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करीत नाही. तिच्यात जात न मानणाऱ्याही बाया होत्या. पण पान मांडणाऱ्या हातांना कोणी थांबवले नाही, हेही इतिहासातच जमा आहे.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरास अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. दलित वर्ग परिषदेचे मोठे अधिवेशन त्याच दिवसांत तिथे होते, त्याला ७० हजारांच्या आसपास लोक जमले, आणि त्यांत स्त्रिया सुमारे २५ हजार. डॉ. आंबेडकरांनी महिला परिषदेत भाषण केले. जागा फर्ग्युसन कॉलेजासारखी नव्हती, महाराणी नव्हत्या. गिरणीतल्या, बिडी कारखान्यांतल्या, नगरपालिकेच्या झाडूखात्यातल्या बायका ज्या समाजातून येतात, तो समाज तिथे बसला होता.

आणि ठराव पाहा. नवऱ्याशी पटत नसेल तर काडीमोड घेण्याचा हक्क कायद्याने असावा. एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल बंद व्हावी. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाचा आणि वसतिगृहांचा ठराव आहे, म्हणजे पुण्याची मागणी इथेही आहेच. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत जागा हव्यात. आणि मग जो ठराव वाचून माझ्यासारखा माणूस खुर्चीवर सावरून बसतो तो: गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत काम करणाऱ्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, कामावर इजा झाल्यास भरपाई, आणि वीस वर्षे नोकरी झाल्यावर महिना १५ रुपये निवृत्तिवेतन. शिवाय, गिरण्यांतल्या स्त्री कामगारांवर देखरेखीला बाईच नेमावी.

या शेवटच्या मागणीपाशी थोडे थांबतो. बाहेरच्या माणसाला ती किरकोळ वाटेल. कामावरच्या बाईला मोरीवर जायचे, तर मुकादमाला विचारावे लागते. तान्हे मूल पाळण्यात रडते आहे, त्याला पाजायला जायचे, तर त्यालाच विचारावे लागते. हजेरी तो मांडतो, उशीर तो लिहितो, काम चांगले की वाईट ते तो ठरवतो. त्या 'विचारण्या'ची किंमत कशी वसूल होते हे कामगार वस्तीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. स्त्री मुकादमही छळू शकते. मुंबईच्या गिरण्यांत नायकिणी होत्या आणि त्याही काही देवमाणसे नव्हत्या, पैसे खात. पण या ठरावातल्या बाईला कोणता धोका मोठा आणि कोणता लहान हे नेमके माहीत होते. असा ठराव ग्रंथ वाचून लिहिता येत नाही. महिना १५ रुपये हा आकडासुद्धा पाहा. सन्मान, उन्नती, हे मोठे शब्द सोडून रोख रक्कम सांगितली आहे. मालकाशी वाटाघाटीला बसलेला माणूस जशी मागणी मांडतो तशी ही मांडलेली आहे.

एवढ्यावर थांबलो तर पुण्याच्या परिषदेवर अन्याय होईल आणि इतिहास सोपा होईल. म्हणून खाणींची गोष्ट सांगतो. १९२९ च्या नियमांनी बायकांना जमिनीखाली कामाला नेण्यावर हळूहळू बंदी आली. बंगाल-बिहारच्या कोळसा खाणींत ती टप्प्याटप्प्याने १९३९ पर्यंत पुरी व्हायची होती. बंदीने बाईचा जीव वाचला, पण मजुरीही गेली, आणि ती भरून देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. युद्ध आले, कोळसा कमी पडू लागला, आणि १९४३ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते डॉ. आंबेडकरांकडे होते. आणीबाणी म्हणून हे करावे लागते आहे, आणि समान कामाला समान वेतन देऊनच ते केले जाईल, अशी भूमिका त्यांनी विधिमंडळात मांडली. याविरुद्ध आवाज उठवला तो राण्यांच्या आणि शाळामास्तरणींच्या म्हणून हिणवल्या गेलेल्या त्याच अखिल भारतीय महिला परिषदेने. ती मागे लागली, लिहीत राहिली, परदेशांतही तिने हा प्रश्न नेला. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली.

म्हणजे नागपूरच्या परिषदेत ज्यांचे भाषण झाले त्यांच्याच खात्याकडून बाई खाणीत उतरली, आणि जिच्या पंगतीत जाईबाईंचे पान दूर मांडले गेले ती परिषद त्या बाईसाठी भांडली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चळवळीत काम करणाऱ्याला दोन्ही तोंडाने म्हणता आल्या पाहिजेत, एरवी तो इतिहास सांगत नाही, आपल्या पक्षाचे पत्रक वाचतो. माझ्या संघटनेतल्या तरुण कार्यकर्त्यांना हे पचत नाही. ते विचारतात, मग चांगले कोण? मी त्यांना पुन्हा ५८ आणि २५ हजार हे आकडे देतो. ५८ जणींच्या मागे बावीस ठिकाणच्या समित्या होत्या, आणि दरवर्षी न चुकता पुन्हा जमण्याची शिस्त होती. म्हणून १९४३ मध्ये त्या सरकारला वर्ष दोन वर्षे सतत टोचत राहू शकल्या. २५ हजारांच्या परिषदेने मागितले ते अधिक नेमके आणि अधिक खोल होते. परंतु त्या बायकांना दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे होते. पत्रव्यवहाराला वेळ, टपालाला पैसे आणि अर्ज लिहायला हात, ही सेवेची भांडवली सामग्री त्यांच्याजवळ नव्हती. जिला घरी मोलकरीण आहे तीच बाई दर बुधवारी समितीच्या बैठकीला जाऊ शकते, आणि ती मोलकरीण नागपूरच्या ठरावातली असते. हा पेच त्या काळी कोणत्याच परिषदेने सोडवला नाही, आमच्या संघटनांनीही नाही. आमच्या कार्यकारिणीत बायका किती असत हे विचारलेत तर मला फार मोठा आकडा सांगता येणार नाही.

नागपूरच्या ठरावांचे पुढे काय झाले? काडीमोडाचा हक्क आणि एकपत्नीत्व हिंदू विवाह कायद्याने १९५५ मध्ये आले. बाळंतपणाच्या भत्त्याचा देशभरचा कायदा १९६१ मध्ये झाला. बिडी कामगारांना मात्र १९६६ पर्यंत थांबावे लागले. त्या साली झालेल्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले आणि बाळंतपणाचा कायदा या धंद्याला लागू केला. त्याच्या खालच्या नियमांत 'छाट' हा शब्द आहे. बाईने वळून आणलेल्या बिड्यांतून कारखानदाराचा माणूस खराब म्हणून ज्या बाजूला काढतो, ज्यांचे पैसे तिला देत नाही आणि ज्या पुष्कळदा गुपचूप विकून टाकतो, त्या बिड्या म्हणजे छाट. किती टक्क्यांपर्यंत छाट काढता येईल याची मर्यादा या नियमांनी घातली. आमच्या मेळाव्यात बायका येतात तेव्हा भाषणे सुरू व्हायच्या आधी त्या पाठीमागे बसून हाच हिशेब करीत असतात, की या आठवड्यात कोणाची किती छाट निघाली.